बाबांनी गाडीला चढवलेलं लोखंड

मी माजरीला घरी पोचले की बाबा आधी गाडीकडे जायचे. मी हेल्मेट काढून पायरीवर बसायची, आई आतून पाण्याचा गडवा घेऊन यायची, आणि तोवर बाबा मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले असायचे. चेनला बोट लावून बघायचे, इंजिनाखालचा वाळलेला चिखल नखाने खरवडायचे, ब्रेक दाबून सोडायचे.

"चेन कोरडी करून आनली," म्हणायचे. नाहीतर, "डावीकडं पाडली वाटते."

मी हो म्हणायची. कुठे पडले, कशी पडले, लागलं का, हे ते विचारायचे नाहीत. मलाही सांगायचा कंटाळा असायचा. दोन-तीन आठवडे आरोग्य उपकेंद्रात लोकांशी बोलून तोंड दुखलेलं असायचं, दिवसभर गाडी चालवून तळहात बधिर झालेले असायचे. मी पायरीवरच भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि बाबांच्या पान्याची टकटक ऐकत राहायची.

बाबा कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा काही घेतलं, ती ही मोटरसायकल. लांब पल्ल्याची, उंच, पुढे वारा अडवायची काच असलेली. आईला मागे बसवून कन्याकुमारीपर्यंत जायचं त्यांच्या मनात होतं. पुढचं वर्षभर आमच्या अंगणात वेल्डिंगच्या ठिणग्या उडत राहिल्या. जाड पाइप वाकवून त्यांनी पुढे लेगगार्ड बसवला. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या कुलूपवाल्या पेट्या केल्या. आईला टेकायला जुन्या सोफ्याचा फोम कापून पाठ केली, तिला रेक्झिनचं कव्हर शिवलं. आई म्हणायची, "बायकोले नाई घातले तेवढे दागिने गाडीले घालून राह्यले."

सराव म्हणून दोघं आधी नागभीडला मावशीकडे गेली. पोचल्यावर आई गाडीवरून उतरली ती कमरेला हात लावूनच. दोन दिवस मावशीकडून शेकून घेतलं आणि परतायच्या वेळी म्हणाली, "मी रेल्वेनं येतो. तुमी या गाडीवर." बाबा एकटेच परत आले. कन्याकुमारीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. गाडी ओसरीत चादर पांघरून उभी राहिली.

मग माझी नेमणूक झाली. आलापल्लीच्या पुढे, एटापल्लीच्या बाजूला आत, जंगलातल्या एका उपकेंद्रात आरोग्य अधिकारी म्हणून. कंत्राटी नोकरी. एसटी डांबर संपेपर्यंत यायची, तीही पावसाळ्यात भरवशाची नव्हती. त्यापुढची गावं आपल्या आपण गाठायची. बाबांनी ऐकलं आणि त्याच दिवशी गाडीवरची चादर काढली.

"एवढी उंच गाडी पोरीले झेपते का?" आईने विचारलं.

"कॉलेजात माही जुनी गाडी कोन चालवे?" बाबा म्हणाले.

गाडी झेपत होती. फक्त थांबल्यावर माझे पायाचे पंजेच जमिनीला टेकायचे, टाचा नाही.

कन्याकुमारीसाठी केलेलं सगळं आता जंगलासाठी नव्याने सुरू झालं. खाणीतून निकामी होऊन आलेल्या कन्व्हेयरच्या पट्ट्याचा तुकडा कुठूनसा मिळवून त्यांनी तो लोखंडी पत्र्यावर बसवला आणि इंजिनाखाली आवळला, दगड लागू नये म्हणून. त्याच पट्ट्याची झालर मागच्या मडगार्डला लावली. ऑइलचा प्लॅस्टिकचा डबा कापून हँडलच्या दोन्ही मुठींपुढे आडोसे केले, कारण वाटेवर वाकलेले बांबू बोटांवर सटकन बसतात. टेबलफॅनची जाळी कापून हेडलाइटवर लावली. साइड स्टँडच्या टोकाला तळव्याएवढी पत्री जोडली, म्हणजे चिखलात स्टँड रुतून गाडी कलंडणार नाही. पेट्रोलच्या डब्याला कडी, पंक्चरच्या सामानाला कप्पा, हवेच्या पंपाला पट्टा. प्रत्येक नट आवळून झाला की नटावर आणि बोल्टावर मिळून ब्रशने एक बारीक पांढरी रेघ ओढायचे. खाणीतली सवय. नट सैल झाला की रेघेचे दोन तुकडे दिसतात.

निघताना म्हणाले, "पडली तरी गाडीले लागन, तुले नाई. हळू जाजो."

सुरुवातीला मला त्या सगळ्याचा आधार वाटायचा. कधी गोंडपिपरीवरून, कधी पोंभुर्ण्यावरून मी आष्टीला निघायची, वैनगंगेचा पूल ओलांडला की पुढे लोखंडाच्या खाणीचे ट्रक लागायचे. त्यांच्या रांगेत, लाल धुळीत तासन्‌तास जायचे. त्या ट्रकांपुढे गाडी जड आहे हे बरंच वाटायचं. पण आतल्या वाटा वेगळ्या होत्या. तिथे धानाच्या बांधीवरून गाडी काढावी लागायची, नाल्यातून न्यावी लागायची, आडवा पडलेला सागवान चुकवून झुडपात घालावी लागायची. तिथे भरलेल्या पेट्यांची गाडी एकदा कलली की माझ्या हातात राहायची नाही.

पहिल्या पावसाळ्यात मी एका बाळंतिणीला बघून परत येत होते. बांधीवर चाक घसरलं आणि गाडी अगदी सावकाश, मला न जुमानता, शेतात जाऊन झोपली. मला काही लागलं नाही. बाबांचं म्हणणं खरं होतं. मी हँडल धरून जोर लावला, सीटखाली खांदा घातला, पाठ लावून ढकललं. गाडी हलेना. शेवटी तिच्या शेजारीच पाण्यात बसले. भिजलेलीच होते, आणखी भिजायचं काही उरलं नव्हतं. रडू आलं नाही. पोटात काही नव्हतं आणि झोप येत होती, एवढंच आठवतं.

गावची आशाताई शोधत आली. माडिया घरातली, माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी बाई. तिच्याबरोबर रानातून वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, घेऊन येणाऱ्या दोघी होत्या. चौघींनी मिळून गाडी उभी केली. आशाताईने कमरेवर हात ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं.

"मॅडम, गाडी हाय का भैस?"

त्या संध्याकाळी उपकेंद्राच्या ओट्यावर मी दोन्ही पेट्या खोलल्या. दुसऱ्या दिवशी लेगगार्ड. ते सगळं मोडक्या खाटेशेजारी खोलीत ठेवलं. औषधं पाठीवरच्या पिशवीत घेतली आणि गाडी सुरू केली, तर ती पायाखालून उडेल की काय असं वाटलं.

पण घरी जाताना ती तशी नेणं मला जमेना. बाबांनी वर्षभर घासून केलेलं होतं. म्हणून घरी निघायच्या दिवशी, आधीच दमलेल्या अंगाने, मी सगळं परत चढवायची. माजरीहून आले की पुन्हा उतरवायची. आशाताई ओट्यावर बसून बघायची आणि बोल्ट हातात द्यायची. हळूहळू माझा हात इतका बसला, की पाना न बघता घातला तरी बरोबर बसायचा.

असं वर्षभर चाललं. एका रविवारी सकाळी माजरीला मी चहाचा कप घेऊन ओसरीत आले, तर बाबा गाडीशी बसले होते. हातात बारीक ब्रश, शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा. पेटीच्या बोल्टांवर ते पुन्हा रेघा ओढत होते. जुन्या रेघेचा एक तुकडा नटावर एकीकडे, दुसरा बोल्टावर भलतीकडे. मी उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

"पावसानं पुसून जाते रेघ," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

पुढच्या वेळी पेट्या होत्या तशाच होत्या. उलट एका पेटीवर सामान बांधायला एक नवीन जाळी आली होती.

पोळा होऊन गेल्यावर, पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा बाबा अचानक म्हणाले, "यावेळी मी येतो संगं. रस्ता पाहतो."

"पाहून का करता?" आई म्हणाली.

"पाहतो म्हनलं ना."

आष्टीपर्यंत गाडी त्यांनी चालवली. मी मागे, आईसाठी केलेल्या त्या पाठीला टेकून. पुलापाशी थांबलो तेव्हा त्यांनी हात झटकले. खाणीत वर्षानुवर्षं थरथरणारी यंत्रं धरून त्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या, बोटं थंड पडायची. "आता तू घे," म्हणाले. स्वतः चालवत असताना त्यांनी गाडी अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या हातात दिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

आलापल्लीत जेवलो. पुढे डांबर संपलं. सकाळी पाऊस येऊन गेलेला होता आणि नाल्याच्या उतारावर ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. बाबांनी आईने दिलेलं तांदूळ, डाळ, लोणचं पेट्यांत भरलं होतं, शिवाय मागे ते स्वतः. मी पुढचं चाक चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर ठेवून उतरत होते. उजवी पेटी कडेच्या मातीला घासली. हँडल हातातून गेलं. मी बाजूला फेकली गेले, आणि उठून बघते तर बाबा गाडीसोबत आडवे. लेगगार्डने इंजिन वर तोलून धरलं होतं, पण पेटीची कड त्यांच्या घोट्यावर होती.

मी हँडलकडे धावले.

"हलवू नोको," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा. "पह्यले बटन बंद कर. पेट्रोल वाहून राह्यलं."

मी बटण बंद केलं, पेट्रोलचा कॉक फिरवला. मग उचलायचा प्रयत्न केला. दोनदा केला. त्यांनी झोपल्या झोपल्या हात लावला, पण त्यांच्याही हातात जोर नव्हता. रस्त्यावर माणूस नव्हतं.

"पेटी खोल," ते म्हणाले.

मी पाना काढला आणि चिखलात गुडघे टेकले. बोल्ट चिखलाने भरलेले होते. बोटाने पुसले आणि एकेक करून काढत गेले. बाबा मान वळवून माझ्या हाताकडे बघत होते. पेटी सुटली, मी ती ओढून बाजूला टाकली आणि गाडी थोडी उचलता आली. त्यांनी पाय काढून घेतला.

आम्ही कडेच्या दगडावर बसलो. घोटा सुजायला लागला होता. मी पाण्याने धुतला, ओढणी घट्ट बांधली. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. दुखत असावं, पण तेवढंच नव्हतं. समोर चिखलात त्यांची पेटी पडली होती, झाकण उघडं, तांदळाची पिशवी बाहेर आलेली.

तिच्याकडे बघत म्हणाले, "खोलून ठेवत होती, ते मले मालूम होतं."

मी ओढणीची गाठ पुन्हा आवळली.

"जड होते म्हनून सांगतलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

त्यांनी विचार केला. "अजून एक गार्ड लावला असता," म्हणाले.

मला हसू आलं. तेही किंचित हसले. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "तू गेली का मले झोप नाई लागत. मंग मी काई ना काई बनवत बसतो. आता बनवलं तं लावाच लागते."

मी त्यांचा पाय मांडीवर घेतला. नाल्याचं पाणी लाल होतं आणि जोरात वाहत होतं. नंतर एक ट्रॅक्टर आला, त्यात त्यांना बसवलं, दुसरीही पेटी खोलून दोन्ही पेट्या टाकल्या, आणि मी मागून मोकळी गाडी घेऊन गेले.

हाड मोडलेलं नव्हतं, पण पाय टेकवत नव्हता. बाबा उपकेंद्रात आठवडाभर राहिले. आशाताई रोज डोकावायची. नवं धान अजून खायचं नव्हतं, गावाचा पंडुम, म्हणजे नव्या धानाचा सण, व्हायचा होता, म्हणून ती जुन्या तांदळाची आंबील आणायची. बाबांना गोंडी येत नव्हती, तिचं मराठी तुटक, तरी दोघांचं चालायचं. तिने लोटा पुढे करून "येर" म्हटलं की बाबा पाणी घ्यायचे आणि "येर" असं परत म्हणून दाखवायचे. ती तोंडाला पदर लावून हसायची.

मी सकाळी निघायची. तापाचे रुग्ण, रक्ताचे नमुने, दोन गरोदर बायका ज्यांना दवाखान्यात चला म्हणून रोज जाऊन सांगावं लागत होतं, आणि मग नेटवर्कसाठी टेकडीवर चढून मोबाइलवर माहिती भरणं. परत आले की तपासणीच्या बाकावरच आडवी व्हायची, बूट न काढता. बाबा ओट्यावरून बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "रोज असंच असते का?"

"पावसाळ्यात जास्त असते."

त्यानंतर त्यांनी बूट काढायला हात लावला. मी नको म्हणाले, पण उठायचं त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आशाताईकडून ताडपत्रीचा तुकडा आणि दाभण मागवलं. लंगडत लंगडत ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि ओट्यावर बसून दोन पिशव्या शिवल्या. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून तोंडाची दुहेरी घडी, सीटवरून आडवा जाणारा पट्टा, खाली ट्यूबचं हूक. त्यांची बोटं दाभण धरताना चुकत होती. एकदा रक्त आलं, त्यांनी ते धोतराला पुसलं. पिशव्या रिकाम्या असताना एका बोटावर लटकायच्या.

मग स्वतःच एकेक करून सगळं उतरवलं. लेगगार्ड, पाठ, नवीन जाळी, पेट्रोलच्या डब्याची कडी. इंजिनाखालचा पट्टा, मुठींपुढचे आडोसे आणि स्टँडची पत्री ठेवली. "एवढं राहू दे," म्हणाले. विचारल्यासारखं म्हणाले. मी हो म्हटलं. पेट्या आशाताईने नेल्या. उंदीर शिरत नाहीत म्हणून तिने त्यात बियाणं ठेवलं.

लेगगार्ड मात्र बाबांना सोडवेना. पोत्यात गुंडाळून त्यांनी तो बरोबर घेतला. डांबरापर्यंत मी सोडायला गेले, एसटीत चढताना कंडक्टरने विचारलं, "भाऊ, हे का आहे?"

"लोखंड," बाबा म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

त्यांचा पाय पूर्ण बरा झाला नाही. चालताना जरासा ओढतात. वेल्डिंगचं मशीन त्यांनी वर्कशॉपमधल्या एका जुन्या सोबत्याला देऊन टाकलं. आई सांगते, दुपारी झोपतात, संध्याकाळीही झोपतात, अंगणात फारसे येत नाहीत. मी घरी गेले की खुर्चीवरून हात वर करतात. त्यांच्याकडून गाडीबद्दल कसलीही चौकशी होत नाही, आणि पहिल्या काही वेळा तर मीच चेन दाखवायला म्हणून गाडी त्यांच्या खुर्चीपर्यंत ढकलत नेली. बघितल्यासारखं करून ते म्हणाले, "चांगली हाय."

गाडीचं सगळं आता मीच करते. मला त्यातलं काही आवडत नाही, हे सांगायला हवं. सुटीच्या दिवशी जुन्या टूथब्रशने चेन घासायची, गियर ऑइल लावायचं, चाक हाताने फिरवत राहायचं. हवेचा फिल्टर काढून आपटला की त्यातून लाल माती पडते. ब्रेकच्या तारेला तेल, नट आवळणं. पांढऱ्या रेघा मी ओढत नाही. तेवढा वेळ झोपते.

मागच्या हिवाळ्यात पुढच्या चाकातून घरघर यायला लागली. बेअरिंग गेलं होतं. ते ठोकून काढायची ताकद माझ्यात नव्हती, तसली हत्यारंही नव्हती. टेकडीवर चढून बाबांना फोन लावला, वाटलं सांगतील काही युक्ती. बाबांनी आयुष्यात दुसऱ्या मेकॅनिकला गाडीला हात लावू दिला नव्हता.

आवाज कसा येतो ते ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "बाहेर दे बाई. आता हे आपल्याच्यानं नाई होत."

मी आलापल्लीला गेले. तिठ्याजवळच्या गॅरेजवाल्याने चाक फिरवून पाहिलं, मान हलवली आणि दुकानाबाहेरच्या लाकडी बाकावर बसायला सांगितलं. चहा मागवला. उन्हात बसून त्याची हातोडी ऐकत होते, आणि बसल्या बसल्या कधी कलंडले ते कळलं नाही. जाग आली तेव्हा डोक्याखाली कोणीतरी दुमडलेलं पोतं ठेवलं होतं, चहावर साय धरली होती. गाडी समोर तयार उभी होती. गॅरेजवाला दुसऱ्याच गाडीच्या कामाला लागला होता.

"उठवलं काऊन नाई, भाऊ?" मी विचारलं.

"कायले उठवू?" तो म्हणाला. "झोपू दिलं."

मी थंड चहा पिऊन टाकला आणि निघाले. ऊन उतरत होतं, आणि अंधाराच्या आत नाला ओलांडायचा होता.